याना क्लोच्कोवा आणि तीन भिंती

अथेन्स, १४ ऑगस्ट २००४. महिलांची ४०० मीटर वैयक्तिक मेडले. पहिली ४ मिनिटं ३४.८३ सेकंदांत, दुसरी ४ मिनिटं ३४.९५ सेकंदांत. फरक ०.१२ सेकंदाचा. शेवटच्या काही मीटरांत या दर्जाची पोहणारी बाई सेकंदाला साधारण दीड मीटर कापते, म्हणजे हा फरक अंतरात मोजला तर सतरा-अठरा सेंटिमीटर भरतो. वीतभरही नाही. चारशे मीटरमध्ये आठ वेळा तलावाची लांबी कापायची, चार वेगवेगळ्या तऱ्हांनी पोहायचं, आणि निकाल लागायचा तो एका वितीच्या आत.

पहिली आली ती युक्रेनची याना क्लोच्कोवा. दुसरी अमेरिकेची कॅटलिन सँडिनो. तीन दिवसांनी क्लोच्कोवाने २०० मीटर मेडलेही जिंकली. चार वर्षांपूर्वी सिडनीत तिने याच दोन शर्यती जिंकल्या होत्या. सलग दोन ऑलिंपिकमध्ये मेडलेच्या दोन्ही शर्यती जिंकणारी ती पहिली स्त्री. पुरुषांमध्ये हंगेरीच्या तामाश दार्नीने हे १९८८ आणि १९९२मध्ये करून दाखवलं होतं, पुढे मायकेल फेल्प्सने केलं. स्त्रियांमध्ये मात्र पहिली तीच आणि आजवर एकटीही तीच.

क्लोच्कोवाबद्दल लिहिताना पदकं मोजली जातात, टोपणनाव सांगितलं जातं (मायदेशात तिला ‘सोनेरी मासोळी’ म्हणत), आणि लेख संपतो. तिची खरी करामत कुठे होती हे समजायचं तर मेडले उलगडून बघावी लागते. मेडले ही चार पोहण्यांची शर्यत आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्या चार पोहण्यांच्या मध्ये तीन भिंती असतात, म्हणजे एक प्रकार संपून दुसरा सुरू होतो ती तीन वळणं, आणि शर्यतीचा बराच हिशेब त्या भिंतींपाशी होतो, हे तलावाच्या काठावर तासन् तास घालवलेल्यांनाच माहीत असतं.

क्रम ठरलेला: बटरफ्लाय (दोन्ही हात एकदम पुढे फेकत), बॅकस्ट्रोक (पाठीवर), ब्रेस्टस्ट्रोक (बेडकासारखे पाय मारत), फ्रीस्टाइल (एकेक हात पुढे टाकत). चारशेच्या शर्यतीत प्रत्येकी शंभर मीटर, म्हणजे पन्नासच्या तलावात दोन-दोन लांब्या. क्लोच्कोवाच्या काळात साडेचार मिनिटांच्या आसपास पोहणाऱ्या बाईची विभागणी ढोबळमानाने अशी असायची: बटरफ्लायला एक मिनिट दोन सेकंद, बॅकला एक मिनिट नऊ-दहा, ब्रेस्टला एक मिनिट अठराच्या आसपास, आणि शेवटच्या फ्रीस्टाइलला एक मिनिट चार. अंतर चारही तुकड्यांत सारखं, वेळ मात्र नाही. सगळ्यात जास्त वेळ ब्रेस्टस्ट्रोक खातो, कारण तो सगळ्यात संथ. तिथे एक टक्का सुधारणा केली तर पाऊण सेकंदाहून थोडं जास्त हाती लागतं. बटरफ्लायमध्ये तेवढीच सुधारणा सहा दशांशच देते. तरीही नवखी मुलं बटरफ्लायवर मेहनत घेतात, कारण तो दिसायला देखणा असतो आणि तेव्हा अंगात दम असतो. मग ब्रेस्टला पोहोचेपर्यंत मांड्या लाकडासारख्या होतात.

बटरफ्लायची गोम अशी की तो जोरात मारला तर लगेच दुखत नाही. पहिल्या शंभरात दोन सेकंद कमावता येतात, पण त्याचं व्याज दोनशे मीटरनंतर वसूल होतं, आणि ते सहसा चार-पाच सेकंदांचं असतं. म्हणून चांगले प्रशिक्षक चारशेच्या पोहणाऱ्याला बटरफ्लायमध्ये पायांचा दुसरा ठोका हलका ठेवायला सांगतात. प्रत्येक हाताच्या फेऱ्यामागे दोन लाथा असतात: एक हात पाण्यात शिरताना, दुसरी हात पाण्याबाहेर निघताना. दुसरी लाथ दोनशेच्या शर्यतीत पूर्ण मारायची, चारशेत फक्त कंबर वर ठेवण्यापुरती.

पहिली भिंत. बटरफ्लायच्या शेवटी दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागले पाहिजेत. एका हाताने स्पर्श केला, की बाद. बॅकसाठी निघताना पाय भिंत सोडतात त्या क्षणी शरीर पाठीवर असलं पाहिजे. ही तीन भिंतींतली सोपी. हात लावायचे, गुडघे छातीशी ओढायचे, एक कोपर मागे टाकायचं आणि खुर्चीत बसल्यासारखं मागे पडायचं. इथे चूक होते ती एकच: हात लावल्यावर माणूस वर उठतो. डोकं आणि छाती पाण्याबाहेर जितकी वर, तितकं परत खाली यायला जास्त अंतर, आणि त्यात अर्धा सेकंद कुठे गेला ते कळतही नाही.

दुसरी भिंत म्हणजे मेडलेचं खरं दुखणं. बॅकस्ट्रोकवरून ब्रेस्टस्ट्रोककडे. नियम असा की भिंतीला स्पर्श होईपर्यंत पाठीवरच राहायचं. खांदा उभ्या रेषेच्या पुढे गेला की ते पोटावर वळणं धरतात आणि पंच हात वर करतो. साध्या बॅकस्ट्रोकच्या शर्यतीत भिंतीजवळ पोटावर वळून कोलांटी मारता येते. मेडलेत या भिंतीला ते चालत नाही. त्यामुळे तीन पर्याय उरतात. पहिला, साधा उघडा टर्न: हात लावायचा, बाजूला वळायचं, श्वास घ्यायचा, पाय लावायचे, निघायचं. दुसरा, बकेट टर्न: पाठीवर असतानाच हात भिंतीला लावून गुडघे उचलायचे आणि उलटी कोलांटी घ्यायची. तिसरा, क्रॉसओव्हर: हात शरीरावरून पलीकडच्या बाजूला नेऊन भिंतीला लावायचा, खांदा मर्यादेत ठेवायचा आणि तिथून पुढच्या बाजूची कोलांटी. क्रॉसओव्हर सगळ्यात वेगवान, आणि बाद होण्याचा धोकाही त्यालाच सगळ्यात जास्त.

पण वेगाचा प्रश्न वरवरचा आहे, खरा प्रश्न हवेचा. या भिंतीपर्यंत दोनशे मीटर झालेले असतात. पुढे ब्रेस्टस्ट्रोकचा पाण्याखालचा लांब सरकावा असतो: भिंत सोडायची, काही क्षण बाणासारखं जायचं, हात मांड्यांपर्यंत एकदा पूर्ण ओढायचे, मग एक लाथ आणि वर. त्यात तीन-चार सेकंद पाण्याखाली जातात. कोलांटीच्या टर्नमध्ये श्वास मिळत नाही. म्हणजे कोलांटी आणि सरकावा, सगळं एका श्वासात. दोनशे मीटर मेडलेत ते चालून जातं, कारण तिथे शंभर मीटरच झालेले असतात. चारशेत अनेक जण मुद्दाम उघडा टर्न घेतात, चार-पाच दशांश गमावतात आणि एक पूर्ण श्वास विकत घेतात. हा व्यवहार तोट्याचा नाही. ज्याला सरकाव्याच्या मधोमध छातीत आग लागते तो वेळेआधी वर येतो, आणि तिथे गमावलेलं अंतर कुठल्याही कोलांटीने भरून येत नाही.

त्या काळाचं एक वेगळेपण सांगितलं पाहिजे. आज ब्रेस्टस्ट्रोकच्या या सरकाव्यात एक डॉल्फिन किक, म्हणजे दोन्ही पाय जोडून शेपटीसारखा एक झटका, मारायला परवानगी आहे. सिडनी आणि अथेन्सच्या वेळी ती नव्हती. अथेन्समध्येच पुरुषांच्या ब्रेस्टस्ट्रोकमध्ये डॉल्फिन किकवरून वाद झाला आणि त्यानंतर नियम बदलला. म्हणून क्लोच्कोवाची वेळ आजच्या वेळांशेजारी ठेवताना हे लक्षात ठेवायचं. आजच्या स्टार्टिंग ब्लॉकवर मागचा पाय रोवायला जी तिरपी पाटी असते, तीही तेव्हा नव्हती.

तिसरी भिंत ब्रेस्टवरून फ्रीस्टाइलकडे. पुन्हा दोन्ही हातांचा स्पर्श. इथे तंत्राचा प्रश्न फारसा नसतो, शिल्लक किती आहे हाच प्रश्न असतो. आणि क्लोच्कोवाकडे शिल्लक असायची.

ती मुळात लांब पल्ल्याची पोहणारी होती, हे विसरलं जातं. सिडनीत १६ सप्टेंबर २००० रोजी, जलतरणाच्या पहिल्याच दिवशी, तिने ४०० मेडले ४:३३.५९ अशा जागतिक विक्रमी वेळेत जिंकली. १९ तारखेला २०० मेडले, २:१०.६८. आणि २२ तारखेला ८०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ब्रुक बेनेटच्या मागे रौप्य, ८:२२.६६. सिडनीत २०० मीटरपर्यंतच्या शर्यतींना उपांत्य फेरी ठेवली होती. त्यामुळे २०० मेडलेत तीनदा पोहावं लागलं, ४०० मेडलेत दोनदा, ८०० मध्ये दोनदा. बेरीज केली तर फक्त या तीन शर्यतींमध्ये सात दिवसांत तीन हजार मीटर स्पर्धेच्या वेगाने. त्याआधीचा आणि नंतरचा सराव वेगळा. अठरा वर्षांची मुलगी होती.

आणि हो, त्या ८०० मध्ये तिसरी आली होती कॅटलिन सँडिनो. ८:२४.२९. चार वर्षांनी अथेन्समध्ये शेवटच्या भिंतीनंतर क्लोच्कोवाच्या मागे लागलेली हीच. म्हणजे दोघींची ताकद एकाच ठिकाणी होती, शेवटच्या शंभरात. पाठलाग करणारी जर ब्रेस्टस्ट्रोकची तज्ज्ञ असेल तर फ्रीस्टाइलमध्ये निश्चिंत राहता येतं. सँडिनोसारखी मागे असेल तर तिथेही सुटका नाही. सिडनीत फ्रीस्टाइलचा शेवट हा क्लोच्कोवाचा हुकमी पत्ता होता. अथेन्समध्ये तोच पत्ता समोरच्या हातातही होता. अशा वेळी जे काही आधीच्या तीन भिंतींपाशी वाचवलेलं असेल तेच कामाला येतं. वीतभर अंतर तिथूनच शिल्लक राहिलं असं माझं मत आहे. घड्याळ त्याला पुरावा देणार नाही, पण मेडले पाहणारे लोक शेवटची लांबी बघून निकालाचं कारण सांगत नाहीत.

अथेन्सची आणखी एक गंमत. तिथल्या मुख्य तलावावर छप्परच नव्हतं. ठरलं होतं, झालं नाही. बॅकस्ट्रोक पोहणारा एरवी छताच्या तुळया किंवा दिव्यांची ओळ नजरेत धरून सरळ जातो. उघड्या आकाशाखाली ती ओळ नाहीशी होते. मग लेनच्या दोरीचा अंदाज कडेने घ्यायचा, आणि भिंतीपासून पाच मीटरवर टांगलेल्या पताका दिसल्या की फेरे मोजायला लागायचे. प्रत्येकाचा आकडा ठरलेला असतो, कुणाचे तीन, कुणाचे चार. एक फेरा चुकला की एकतर हात अर्धवट लांबवून भिंतीची वाट बघत तरंगायचं, नाहीतर कोपर दुमडून भिंतीवर आदळायचं. दोन्हींत गती मरते. आणि हे होतं नेमकं दुसऱ्या भिंतीपाशी, जिथे आधीच सगळं अवघड असतं.

याच ४०० मेडलेच्या सकाळच्या प्राथमिक फेरीत अमेरिकेची पंधरा वर्षांची केटी हॉफ ढेपाळली आणि अंतिम फेरीत पोहोचलीच नाही. तिचं नाव लक्षात ठेवा.

तीन दिवसांनंतरच्या २०० मेडलेचं गणित उलटं होतं. तिथे दुसरी आली अमांडा बिअर्ड, जिने त्याच स्पर्धेत २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचं सुवर्ण घेतलं. म्हणजे धोका तिसऱ्या तुकड्यात. क्लोच्कोवा २:११.१४, बिअर्ड २:११.७०. ब्रेस्टस्ट्रोकच्या तज्ज्ञाविरुद्ध शर्यत आधी बांधायची असते: बटरफ्लाय आणि बॅकमध्ये इतकं अंतर काढायचं, की तिसऱ्या लांबीत ती सरकत आली तरी मानेपर्यंत पोहोचू नये, आणि शेवटच्या पन्नासात तिला परत मागे टाकायचं. चारशेत राखून ठेवायचं, दोनशेत आधी खर्च करायचा. तीन दिवसांच्या अंतराने एकाच शरीराकडून हे दोन उलटे हिशेब करून घेणं सोपं नाही.

आता थोडं मागे. क्लोच्कोवाचा जन्म ७ ऑगस्ट १९८२, सिंफेरोपोल, क्रिमिया. तेव्हा तो सोव्हिएत संघ होता. युक्रेन स्वतंत्र झाला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. क्रिमिया म्हटलं की समुद्र डोळ्यांसमोर येतो, पण सिंफेरोपोल आत, डोंगरांच्या उत्तरेला आहे; दक्षिण किनारा गाठायला घाट उतरावा लागतो. तिला घडवलं ते नीना आणि ओलेक्सांद्र कोझुख या प्रशिक्षक जोडीने. जानेवारी १९९८मध्ये पर्थच्या विश्वविजेतेपद स्पर्धेत, पंधराव्या वर्षी, तिने ४०० मेडलेत रौप्य मिळवलं. पहिली होती चीनची चेन यान.

या शर्यतीच्या विक्रमाचा इतिहास तसा स्वच्छ नाही. क्लोच्कोवा जन्मली त्याच ऑगस्टमध्ये पूर्व जर्मनीच्या पेट्रा श्नायडरने ४:३६.१० हा विक्रम केला आणि तो पंधरा वर्षं टिकला. पूर्व जर्मनीतल्या पोहणाऱ्या मुलींना सरकारी योजनेतून उत्तेजकं दिली जात, हे पुढे कागदोपत्री सिद्ध झालं. १९९७मध्ये चेन यानने तो मोडला, ४:३४.७९. तो चीनच्या जलतरणावर उत्तेजकांवरून संशय असण्याचा काळ. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये मेडलेच्या दोन्ही शर्यती आयर्लंडच्या मिशेल स्मिथने जिंकल्या. दोन वर्षांनी लघवीच्या नमुन्यात फेरफार केल्याबद्दल तिच्यावर चार वर्षांची बंदी आली. म्हणून २०००मध्ये अठरा वर्षांच्या मुलीने १.२० सेकंदांनी विक्रम मोडला, तेव्हा या शर्यतीकडे बघणारे आधीच साशंक झालेले होते. तिच्या वाट्याला हे सावट आयतंच आलं. दोनशे मेडलेचा जागतिक विक्रम मात्र तिच्या हाती कधी लागला नाही, १९९७च्या २:०९.७२ पर्यंत ती पोहोचली नाही.

२००१मध्ये फुकुओकाला तिने ४०० मेडलेबरोबर ४०० मीटर फ्रीस्टाइलचंही विश्वविजेतेपद मिळवलं. मेडलेवालीने निव्वळ फ्रीस्टाइलमध्ये जगात पहिलं येणं ही विरळा गोष्ट, आणि तिचा शेवटचा तुकडा काय ताकदीचा होता याचा याहून चांगला पुरावा नाही. २००३मध्ये बार्सिलोनात दोन्ही मेडले. ही वर्षं बघितली की अथेन्सचं वीतभर अंतर जास्तच दचकवतं. इतकं वर्चस्व असूनही निकाल इतका जवळ.

हे सरावात कसं उतरतं? मेडलेवाल्याचा आठवडा इतरांपेक्षा वेगळा असतो तो लांबीमुळे कमी आणि वाटपामुळे जास्त. चारही प्रकार रोज पाण्यात यावे लागतात, पण समान प्रमाणात नाही. बटरफ्लाय जास्त झाला की खांदा बोलतो. ब्रेस्टस्ट्रोकची लाथ जास्त झाली की गुडघ्याची आतली बाजू. म्हणून लांबचं काम बहुतेक फ्रीस्टाइल आणि बॅकमध्ये करतात आणि उरलेले दोन तुकड्या-तुकड्यांनी घालतात. आणि मग येतो जोडांचा सराव. पंचवीसच्या तलावात बारा वेळा पन्नास, दर मिनिटाला एक: पहिले चार बटरफ्लायवरून बॅकला, पुढचे चार बॅकवरून ब्रेस्टला, शेवटचे चार ब्रेस्टवरून फ्रीस्टाइलला. पन्नासच्या तलावात हेच शंभराने करावं लागतं, नाहीतर बदलाची भिंत येतच नाही. घड्याळ पूर्ण पन्नासाला लावण्यात अर्थ नाही. पताकांपासून भिंत आणि भिंतीपासून दहा मीटर, एवढाच तुकडा मोजायचा.

यात बिघडतं काय? सरावात मुलं भिंतीवर विसावतात. बटरफ्लायचा एक हात आधी लागतो, कुणी बघत नाही, आणि तीच सवय स्पर्धेत जाते. बॅकवरून आल्यावर ब्रेस्टच्या पहिल्या तीन-चार लाथा हमखास वाकड्या पडतात, कारण दोन मिनिटांहून जास्त वेळ पाय वर-खाली चाललेले असतात आणि आता अचानक बाहेरच्या बाजूला वळवायचे असतात. घाबरून मुलगी फेरे वाढवते. फेरे वाढतात, अंतर वाढत नाही. उपाय उलटा आहे: पहिले तीन फेरे मुद्दाम लांब, सरकावा पूर्ण, आणि लय सापडली की मगच वेग.

क्लोच्कोवाचा विक्रम साडेसहा वर्षं टिकला. १ एप्रिल २००७ रोजी मेलबर्नमध्ये तो ४:३२.८९ने मोडला. मोडणारी केटी हॉफ, अथेन्सच्या सकाळी ढेपाळलेली तीच, आता सतरा वर्षांची. त्यानंतर वेळ भराभर खाली आली: २००८मध्ये स्टेफनी राइस ४:२९.४५, २०१२मध्ये ये शिवेन ४:२८.४३, २०१६मध्ये कातिंका होस्सू ४:२६.३६, आणि २०२५मध्ये कॅनडाच्या समर मॅकिंटॉशची ४:२३.६५. सिडनीच्या वेळेपेक्षा जवळजवळ दहा सेकंद कमी. या दहांपैकी बराच भाग पाण्याखाली सापडतो: भिंतीनंतरच्या डॉल्फिन किक, ब्रेस्टच्या सरकाव्यातली ती एक परवानगी. पोहणं सुधारलं, पण भिंती त्याहून जास्त सुधारल्या.

बीजिंगला २००८मध्ये ती पोहली नाही. उद्घाटनाला युक्रेनचा ध्वज घेऊन संघाच्या पुढे चालली. २०१४मध्ये रशियाने क्रिमिया बळकावला आणि ती जिथे जन्मली ते गाव तिच्याच देशाच्या ताब्याबाहेर गेलं. तिच्याच वाढदिवशी, ७ ऑगस्टला, तिच्यानंतर चौदा वर्षांनी युक्रेनमधल्या रिव्नेमध्ये जन्मलेला मिखाइलो रोमान्चुक टोकियोत १५०० मीटर फ्रीस्टाइलचं रौप्य आणि ८००चं कांस्य घेऊन आला. युद्ध सुरू झाल्यावर २०२२मध्ये तो जर्मनीत माग्देबुर्गला, आपल्या प्रतिस्पर्ध्याच्याच तलावात सराव करत होता. ऑलिंपिक जलतरणात युक्रेनची सुवर्णपदकं मात्र अजून चारच आहेत, आणि चारही मेडलेची, एकाच बाईची.

सिडनीपासून पॅरिसपर्यंत सात ऑलिंपिक झाली. प्रत्येक वेळी महिलांच्या मेडलेच्या दोन्ही शर्यती एकाच बाईने जिंकल्या: क्लोच्कोवा, परत क्लोच्कोवा, राइस, ये, होस्सू, ओहाशी, मॅकिंटॉश. पुढची लॉस एंजेलिसला, २०२८मध्ये. मॅकिंटॉश तेव्हा एकवीस वर्षांची असेल. अथेन्समध्ये क्लोच्कोवा बावीसची होती.